चीनमधील प्राचीन पॅगोडे आणि स्मारक-मनोरे: जुने किती, नवे किती, पाहावेत कोणते?

आडवाट

चीनच्या सहलींची माहितीपत्रके चाळली, तर प्रत्येक शहराच्या नावाखाली एखादा 'प्राचीन पॅगोडा' हटकून सापडतो. त्यांत इ. स. ५२३ च्या सुमारास विटांनी रचलेली वास्तू आणि २००२ साली पोलादी सांगाड्यावर उभारलेली, लिफ्टची सोय असलेली वास्तू यांची वर्णने इतकी एकसारखी असतात की वाचणाऱ्याला फरक कळू नये. एवढ्या लांब पैसा आणि रजा खर्च करून जाणाऱ्याला हा फरक आधीच माहीत असावा, म्हणून हा धागा काढत आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. मनोरा किती उंच आहे यापेक्षा तो कशामुळे टिकला, किंवा कशामुळे पडला, हे जिथे डोळ्यांना दिसते तो मनोरा पाहण्यासारखा. बाकीच्यांची छायाचित्रे घरबसल्या पुरतात.

पॅगोड्याचे मूळ आपल्याकडच्या स्तूपात आहे हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र ते जागेवर ओळखायचे कसे, हे सहसा कोणी सांगत नाही. त्यासाठी शेंड्याकडे पाहावे. तिथे अर्धगोल अंड, त्यावर एकावर एक कडी आणि टोकाला मणी अशी रचना असते. तो छत्रावलीसह असलेला छोटा स्तूपच आहे. खालचे सगळे मजले म्हणजे त्याला उंच उचलून धरणारे चिनी बांधकाम. भाजे-कार्ल्याच्या चैत्यगृहात मागच्या अर्धवर्तुळात स्तूप असतो आणि त्याभोवती प्रदक्षिणेची वाट असते. शांशी प्रांतातील युनगांगच्या पाचव्या शतकातील काही लेण्यांत नेमक्या त्या स्तूपाच्या जागी, मजल्यामजल्यांवर छपरे कोरलेला चौकोनी मनोरा उभा आहे. स्तूपाचा पॅगोडा कसा झाला, याचा इतका सरळ पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळेल.

उभ्या असलेल्या विटांच्या पॅगोड्यांत सर्वांत जुना मानला जाणारा सोंगयुए मंदिराचा पॅगोडा हनान प्रांतात दंगफंग गावाजवळ, सोंगशान डोंगरात आहे. उत्तर वेई राजवटीत, ५२३ च्या सुमारास तो बांधला गेला. त्याला बारा बाजू आहेत. चीनमध्ये टिकून राहिलेल्या जुन्या पॅगोड्यांत अशी आखणी दुसरी नाही. उंची चाळीस मीटरच्या आत-बाहेर आणि एकमेकांना अगदी लगटून असलेले पंधरा छज्जे. दर्शनी दारांवरच्या टोकदार कमानी पाहताना कार्ल्याचे चैत्यगवाक्ष ओळखीचे असलेल्या माणसाची पावले थबकतात. विटा मातीच्या गाऱ्यात बसवलेल्या आहेत आणि तरीही सुमारे पंधराशे वर्षे तो उभा आहे. शाओलिन मंदिर इथून फार लांब नाही. तिथे गर्दी मुष्टियुद्धाच्या प्रात्यक्षिकांपाशी होते. आपण मात्र मंदिराच्या पश्चिमेचे 'पॅगोड्यांचे रान' पाहावे. तिथे भिक्खूंच्या अस्थींवर बांधलेले सुमारे २४० छोटे मनोरे आहेत आणि त्यांतला सर्वांत जुना ७९१ सालचा आहे.

शीआनचा 'मोठा रानहंस पॅगोडा' आपल्याला सर्वांत जवळचा, कारण तो ह्युएन त्संगाने भारतातून नेलेल्या ग्रंथांसाठी बांधला. ६४५ मध्ये तो परतला तेव्हा त्याच्याबरोबर ६५७ ग्रंथ होते. याच प्रवासात ६४१ च्या सुमारास तो दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात, म्हणजे महाराष्ट्रात येऊन गेला होता. इथली माणसे उपकार विसरत नाहीत आणि अपमानाचा सूड घेतल्याशिवाय राहत नाहीत, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. पॅगोड्याचे काम ६५२ मध्ये सुरू झाले. ह्युएन त्संगाला दगडी मनोरा हवा होता, पण सम्राटाच्या सांगण्यावरून विटांचा ठरला. बांधकामाच्या वेळी तो स्वतः पाट्या आणि विटा वाहत होता, असे त्याचे शिष्याने लिहिलेले चरित्र सांगते. मात्र तो पहिला पाच मजली मनोरा आत मातीचा आणि बाहेरून विटांनी मढवलेला होता. तो लवकरच खचला आणि ७०१ ते ७०४ या काळात सम्राज्ञी वू हिच्या कारकिर्दीत नव्याने बांधला गेला. आजचे सात मजले आणि चौसष्ट मीटर उंची ही त्यानंतरच्या दुरुस्त्यांसह आपल्यासमोर आहे.

लोक थेट जिना चढू लागतात. त्याआधी दक्षिणेकडच्या दाराच्या दोन्ही अंगांना विटांचे कोनाडे आहेत, तिथे थांबावे. प्रत्येकात एक काळी शिळा आहे आणि त्यांवर छू स्वेल्यांग या विख्यात सुलेखनकाराच्या हातची अक्षरे ६५३ मध्ये कोरलेली आहेत. एका शिळेवरचा मजकूर उजवीकडून डावीकडे वाचायचा आणि दुसरीवरचा डावीकडून उजवीकडे, म्हणजे दाराच्या दोन्ही बाजू एकमेकींचे प्रतिबिंब व्हाव्यात. पश्चिमेच्या दाराच्या माथ्यावरील दगडावर बुद्धाच्या प्रवचनाचे दृश्य बारीक रेषांत कोरले आहे आणि त्यात थांग राजवटीच्या (सातवे ते दहावे शतक) काळातले एक लाकडी सभागृह खांब-तोड्यांसह रेखलेले दिसते. त्या काळातली लाकडी बांधकामे जवळजवळ सगळी नाहीशी झाल्यामुळे वास्तूच्या अभ्यासकांना ही रेघ सोन्याच्या मोलाची वाटते.

त्याच शहरातला 'छोटा रानहंस पॅगोडा' मला जास्त आवडतो. ७०७ ते ७०९ या काळात तो उभा राहिला आणि समुद्रमार्गे नालंदेला जाऊन आलेल्या इत्सिंगाने आणलेले ग्रंथ त्यात ठेवले गेले. १४८७ च्या भूकंपात तो वरपासून खालपर्यंत उभा चिरला आणि १५२१ च्या भूकंपात ती भेग पुन्हा मिटली, असे दाराच्या चौकटीवर १५५५ मध्ये कोरलेला लेख सांगतो. लगेच १५५६ च्या महाभूकंपात पंधरापैकी वरचे दोन थर कोसळले. ते पुन्हा बांधलेले नाहीत. आज तेरा थर आहेत आणि शेंडा तुटका आहे. दुरुस्ती करणाऱ्यांनी तो तसाच ठेवला, हे मला फार शहाणपणाचे वाटते.

इतरांनी आपापली भर घालावी.

विटामाती

धागा उत्तम आहे. पण लाकडाचा उल्लेख कसा राहिला? मी व्यवसायाने वास्तुरचनाकार आहे आणि चीनमधला एकच मनोरा पाहायची मुभा मिळाली, तर मी डोळे मिटून यिंगश्येनचा लाकडी पॅगोडा निवडेन.

शांशी प्रांतात, तातोंगच्या दक्षिणेला सत्तर-ऐंशी किलोमीटरवर तो आहे. ल्याओ राजवटीत १०५६ मध्ये तो उभारला गेला. उंची ६७.३१ मीटर, आकार अष्टकोनी. बाहेरून पाच मजले दिसतात, प्रत्यक्षात नऊ आहेत; दर दोन मजल्यांच्या मध्ये एक लपलेला पोटमाळा आहे. खरी करामत त्या पोटमाळ्यांत आहे. खांबांची दोन वर्तुळे, एक आतले आणि एक बाहेरचे. पोटमाळ्याच्या उंचीत ही दोन्ही वर्तुळे तिरप्या आधारांनी घट्ट बांधलेली आहेत, त्यामुळे प्रत्येक पोटमाळा एका ताठ कड्याचे काम करतो. मधले राहते मजले त्यामानाने लवचिक. भूकंपात मनोरा डुलतो, लाकडाचे सांधे एकमेकांवर घासतात आणि धक्क्याचा जोर त्या घासण्यातच जिरतो.

आपल्या वाड्यांत खांबाच्या माथ्यावर तुळईखाली तोडे असतात. इथे तशा तोड्यांचे अनेक थर एकावर एक रचलेले आहेत आणि जागेप्रमाणे त्यांचे ५४ प्रकार मोजले गेले आहेत: कोपऱ्यावरचा वेगळा, मधल्या खणातला वेगळा, पोटमाळ्याखालचा वेगळा. सुतारकाम करणाऱ्या कोणाही माणसाला त्या अंगणातून लवकर बाहेर काढता येणार नाही.

१९३३ मध्ये वास्तुइतिहासकार ल्यांग सछंग यांनी या मनोऱ्याचे पहिले शास्त्रीय मोजमाप केले. तोवर तो शाबूत आहे की नाही, याचीही त्यांना खात्री नव्हती. म्हणून त्यांनी गावातल्या छायाचित्रकाराच्या नावे पत्र धाडून मनोऱ्याचे छायाचित्र मागवले आणि त्या माणसाने मोबदला म्हणून बीजिंगचे लिहिण्याचे कागद मागितले! मोजमापाच्या वेळी ल्यांग अगदी शेंड्यापर्यंत, लोखंडी साखळ्यांना धरून चढले होते.

मनोऱ्याचे दुखणेही लपवण्यासारखे नाही. १९२६ च्या लष्करशहांच्या लढाईत त्याच्यावर तोफगोळे आदळले. त्यानंतर गावकऱ्यांनी वरच्या मजल्यांवरच्या गिलाव्याच्या भिंती काढून तिथे जाळीची दारे बसवली. उजेड आला आणि मनोरा सुंदर दिसू लागला, पण त्या भिंतींच्या पोटातले तिरपे आधारही गेले. आज दुसऱ्या मजल्याचे काही खांब उघड्या डोळ्यांना कलंडलेले दिसतात. सगळा उतरवून पुन्हा रचावा, वरचा भाग उचलून धरून खालचे दुरुस्त करावे, की आहे त्या स्थितीत आधार द्यावेत, यावर तज्ज्ञांचा वाद वर्षानुवर्षे चालला आहे. दरम्यान पर्यटकांना वर सोडत नाहीत. तळमजल्यावरची अकरा मीटर उंच शाक्यमुनीची मूर्ती तेवढी पाहता येते. वर जाता येत नाही म्हणून नाराज होऊ नये. कलंडलेला खांब खालूनही दिसतो आणि त्याच्यावर डोक्यावरचे सगळे ओझे कसे आले आहे, हेही समजते.

सांजवात

दोघांचेही लेखन आवडले. परंतु 'जुने तेवढेच खरे' हा सूर मला मान्य नाही. चीनमध्ये मनोरा म्हणजे केवळ विटा आणि लाकूड नव्हे. तो पडतो, जळतो, पुन्हा बांधला जातो, आणि लोक त्याला तोच मनोरा मानतात. मधल्या काळात त्याला जिवंत ठेवते ती कविता.

वूहानचा 'पिवळ्या करकोच्याचा मनोरा' घ्या. परंपरेने त्याची सुरुवात इ. स. २२३ मध्ये, तीन राज्यांच्या काळात, पहाऱ्याचा बुरूज म्हणून झाली. नंतर तो इतक्यांदा जळला आणि बांधला गेला की हिशेब ठेवणे कठीण. १८८४ च्या आगीनंतर शंभर वर्षे तो नव्हताच. यांगत्से नदीवरचा मोठा पूल १९५७ मध्ये झाला तेव्हा मनोऱ्याची मूळ जागा पुलाच्या कामात गेली. आजची इमारत १९८५ ची, काँक्रीटची, आणि जुन्या जागेपासून सुमारे एक किलोमीटर दूर आहे. आपल्या निकषाने ही बनावट ठरेल. तरीही थांगकाळातल्या छ्वे हाओ याची या मनोऱ्यावरची कविता चिनी शाळकरी मुलांना तोंडपाठ असते, आणि ती मुले आईबापांचा हात धरून वर येऊन नदीकडे पाहत तीच कविता म्हणतात. आत निरनिराळ्या राजवटींतल्या मनोऱ्यांच्या प्रतिकृती मांडल्या आहेत. थांगकाळातला, सोंगकाळातला आणि छिंगकाळातला यांच्यात नावाखेरीज साम्य शोधावे लागते. पुनर्बांधणी म्हणजे नक्कल, असे म्हणणाऱ्याने त्या प्रतिकृतींपुढे जरा वेळ थांबावे, कारण नक्कल करण्याचा हेतू तिथे कोणाचाच दिसत नाही.

दोन्हीचा मेळ पाहायचा असेल, तर तुंगथिंग सरोवराच्या काठचा युएयांग मनोरा आहे. तो तीन मजलीच, पण १८८० चा, लाकडाचा, आणि शिरस्त्राणाच्या आकाराच्या छपराचा. १०४६ मध्ये फान चोंगयेन याने त्याच्यावर लिहिलेला निबंध चिनी गद्यातला मुकुटमणी मानतात. जगाच्या आधी जगाची चिंता वाहावी आणि जगाच्या नंतर सुख भोगावे, ही त्यातली ओळ चिनी राज्यकर्ते आजही उद्धृत करतात. हा निबंध त्याने मनोऱ्यापासून दूर राहून, मित्राने पाठवलेल्या चित्रावरून लिहिला असे सांगतात.

आडवाट

सांजवात, आपला मुद्दा विचार करायला लावणारा आहे आणि निम्मा मला पटतोही. युएयांगला जाणे माझ्या यादीत होतेच. मात्र 'लोक तोच मनोरा मानतात' हे प्रत्येक ठिकाणी सारखे लागू होत नाही. त्यासाठी हांगचौ आणि नानचिंग ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहू.

हांगचौच्या पश्चिम सरोवराकाठी लेइफंग पॅगोडा दहाव्या शतकात, ९७५ च्या आसपास, वूयुए राज्याच्या छ्येन छू राजाने बांधला. पांढऱ्या नागकन्येला याच मनोऱ्याखाली कोंडून ठेवल्याची कथा सर्व चिनी माणसांना ठाऊक असते. सोळाव्या शतकात समुद्री चाच्यांनी त्याचे लाकडी छज्जे जाळले आणि विटांचा गाभा उघडा पडला. पुढे त्या विटांत रोग हटवण्याची आणि मुलगा देण्याची शक्ती आहे, या समजुतीने लोक पायातून एकेक वीट काढून नेऊ लागले, आणि शेवटी २५ सप्टेंबर १९२४ रोजी मनोरा बसला. लेखक लू शुन याने त्यावर आनंद व्यक्त करणारा लेख लिहिला, कारण नागकन्या सुटली! ढिगाऱ्यातल्या काही विटांना भोके होती आणि त्यांत ९७५ सालचे छापील धारणीसूत्र (बौद्ध मंत्रपाठ) गुंडाळून ठेवलेले निघाले. जगातल्या आरंभीच्या छपाईचे हे नमुने भाविकांच्या लोभामुळे उजेडात आले.

आता २००२ चा नवा मनोरा. बाहेर सरकता जिना, आत लिफ्ट. पण ज्यांनी तो आखला त्यांनी एक गोष्ट प्रामाणिकपणे केली आहे: जुना ढिगारा जागेवरच ठेवून त्याच्यावर छप्पर म्हणून नवी इमारत उभी केली. तळाशी काचेपलीकडे तो विटांचा डोंगर अजून पडलेला आहे. त्यामुळे मनोरा पडला कसा हे तिथे कळते आणि माझ्या निकषात ही वास्तू बसते. वरच्या मजल्यांवर नाही गेले तरी चालेल.

नानचिंगचा चिनी मातीचा मनोरा याच्या उलट. मिंग सम्राट योंगलने आईबापांच्या ऋणातून उतराई होण्यासाठी त्याचे काम १४१२ मध्ये सुरू करवले. तेव्हा स्मारक-मनोरा हे नाव खऱ्या अर्थाने शोभावे असा हाच. अष्टकोनी, नऊ मजली, सुमारे अठ्ठ्याहत्तर मीटर उंच, बाहेरून पांढऱ्या चकाकणाऱ्या विटांचा आणि दारांवर हिरव्या-पिवळ्या चित्रित कौलांचा. युरोपातल्या प्रवाशांनी त्याला जगातल्या आश्चर्यांत जागा दिली. थायफिंग बंडाच्या काळात, १८५६ मध्ये, तो उद्ध्वस्त झाला. आज त्या जागी २०१५ पासून पोलाद आणि काचेचा मनोरा आहे. रात्री दिव्यांनी तो छान दिसतो. पण जुन्याची कल्पना त्यावरून येत नाही. ती येते नानचिंग संग्रहालयात, जिथे मूळ विटा-कौले जोडून दाराची एक कमान उभी केली आहे. हत्ती, गरुड, सिंह असे सगळे त्या कमानीवर आहे. माझा सल्ला: नव्या मनोऱ्याचा वेळ वाचवून त्या कमानीसमोर घालवावा.

सोलापूरकर

आमच्या गावच्या माणसाचा धागा या विषयाला नकळत जोडलेला आहे, म्हणून लिहितो.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची समाधी हबै प्रांतातील श-च्याच्वांग शहरात, हुतात्म्यांच्या दफनभूमीत आहे. १९३८ मध्ये भारतातून गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिकडेच वारले. अनेक मराठी मंडळी तिथे फुले वाहायला जातात आणि त्याच दिवशी बीजिंगला परततात. त्यांना कल्पना नसते की त्या शहराच्या सभोवती चीनमधले काही अत्यंत महत्त्वाचे मनोरे आहेत.

शहराला लागूनच उत्तरेला चंगतिंग हे तटबंदीचे जुने गाव आहे. तिथे चार पॅगोडे असून एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. लिनची मंदिरातला छंगलिंग पॅगोडा बारीक आणि कोरीव आहे. ज्या लिनची भिक्खूच्या परंपरेला जपानमध्ये रिंझाई झेन म्हणतात, त्याचे हे स्मारक, त्यामुळे जपानी यात्रेकरू तिथे आवर्जून येतात. ग्वांगह्वे मंदिराचा 'फुलांचा पॅगोडा' वरच्या अर्ध्या भागात हत्ती, सिंह, बुद्धमूर्ती आणि छोट्या मनोऱ्यांनी असा भरला आहे की मुळातली भिंत दिसू नये. आपल्याकडच्या देवळांच्या शिखरांची सवय असलेल्या माणसाला तो लगेच आपलासा वाटतो.

आणखी उत्तरेला, सुमारे सत्तर किलोमीटरवर तिंगचौ. तिथला ल्याओती पॅगोडा ८४ मीटर उंच असून चीनमधल्या टिकून राहिलेल्या जुन्या पॅगोड्यांतल्या सर्वांत उंचांपैकी एक आहे. भारतातून ग्रंथ घेऊन परतलेल्या ह्वेनंग नावाच्या भिक्खूसाठी सोंग सम्राटाने १००१ मध्ये त्याची आज्ञा दिली. काम संपायला १०५५ साल उजाडले. नाव धार्मिक असले तरी डोळा सीमेपलीकडे होता. तिंगचौ तेव्हा सोंग राज्याच्या सरहद्दीजवळ होते आणि वरच्या मजल्यावरून ल्याओ फौजेच्या हालचाली दिसत, म्हणून लोकांनी त्याचे नावच 'शत्रूवर नजर ठेवणारा' असे पाडले. गंमत अशी की विटामातींनी वर्णिलेला लाकडी मनोरा बांधणारे ते हेच शत्रू, आणि दोन्ही मनोऱ्यांची कामे अवघ्या एका वर्षाच्या अंतराने संपली.

१८८४ मध्ये याचा ईशान्येकडचा भाग वरपासून खालपर्यंत कोसळला. त्यामुळे बाहेरच्या मनोऱ्याच्या आत दुसरा मनोरा आणि दोहोंच्या मध्ये जिने व बोळ, ही आतली रचना शंभरेक वर्षे उघडी होती. आता ती बाजू पुन्हा बांधली आहे.

मुक्काम पोस्ट

अतिशय उपयुक्त धागा. आईवडील सोबत असणार आहेत आणि दोघांचेही गुडघे कुरकुरतात. चढण्याची सक्ती नसलेले, खालूनच समाधान होईल असे मनोरे कोणते? गोराईला पॅगोडा पाहिलेला आहे, तसाच प्रकार असेल तर आईला हरकत नाही.

विटामाती

गोराईचा पॅगोडा ब्रह्मदेशाच्या श्वेदगोनच्या धर्तीवरचा आहे, म्हणजे घुमट आणि सोनेरी कळस. चीनमधल्या मजलेदार मनोऱ्यांचे घराणे वेगळे. त्यातल्या त्यात जवळचा म्हणायचा तर बीजिंगचा म्याओयिंग मंदिरातला पांढरा स्तूप. युआन राजवटीत, कुब्लाई खानाच्या आज्ञेने, नेपाळच्या अरनिको या कारागिराने १२७१ ते १२७९ या काळात तो उभारला; उंची ५१ मीटर आणि वर चढण्याचा प्रश्नच नाही. बीजिंगमध्ये उतरत असाल तर पहिला दिवस तिथेच घालवावा. यिंगश्येन आणि सोंगयुए यांच्याही वर जाता येत नाही, तेव्हा गुडघ्यांची काळजी नको.

आता काइफंगबद्दल, कारण त्याचा उल्लेख अजून आलेला नाही. तिथला 'लोखंडी पॅगोडा' लोखंडाचा अजिबात नाही. १०४९ मध्ये तो विटांचा बांधला आणि बाहेरून तपकिरी लुकणाच्या भाजलेल्या फरश्या लावल्या. लांबून तो गंजलेल्या लोखंडाचा वाटतो, एवढेच. तेरा मजले, ५५.८८ मीटर. याच्या आधी इथे यू हाओ या प्रख्यात सुताराने ९८९ मध्ये लाकडी मनोरा पुरा केला होता आणि तो मुद्दाम वायव्येकडे किंचित कलता ठेवला होता. काइफंगच्या सपाट प्रदेशात वारा वायव्येकडून येतो, तो शंभर वर्षांत मनोऱ्याला सरळ करील, असे त्याचे उत्तर होते. वाऱ्याला तेवढी संधी मिळाली नाही. १०४४ मध्ये वीज पडून मनोरा जळाला. नवा विटांचा बांधण्यामागचे कारण हेच.

या पॅगोड्याच्या फरशांना हात लागेल इतके जवळ जाता येते. एकेका फरशीवर बुद्ध, उडत्या अप्सरा, ड्रॅगन, नर्तक, कमळे उठवलेली आहेत. फरशांना खाचा आणि कुसवे ठेवून त्या लाकडाच्या जोडकामाप्रमाणे एकमेकींत अडकवल्या आहेत. कुंभाराने सुताराची रीत उचलल्याचे असे उदाहरण मी अन्यत्र पाहिलेले नाही. पीत नदीच्या पुरांनी आणलेल्या गाळात याचा मूळ चौथरा गाडला गेला आहे, त्यामुळे मनोरा जमिनीतून एकदम उगवल्यासारखा दिसतो. सोंगकाळातले सगळे काइफंगच आज कित्येक मीटर गाळाखाली आहे.

काइफंगमध्ये वेळ उरला तर फो पॅगोडाही पाहावा. तो दहाव्या शतकातला, म्हणजे लोखंडी पॅगोड्यापेक्षा जुना. आज त्याचे तीनच मजले आहेत आणि त्यांच्यावर एक चिमुकला सात मजली मनोरा ठेवलेला आहे. दिसायला विचित्र आहे खरा. पण भिंतींवरच्या हजारो चौकोनी विटांपैकी प्रत्येकीत एक बुद्ध बसलेला आहे.

दर्यावर्दी

उत्तरेच्या बाहेरही चीन आहे, याची नम्र आठवण. फुच्येन प्रांतातील छ्वानचौ बंदरात काइयुआन मंदिराचे दोन पॅगोडे पूर्ण दगडी आहेत. पश्चिमेचा १२३७ मध्ये आणि पूर्वेचा १२५० मध्ये पुरा झाला. उंची अनुक्रमे ४४ आणि ४८ मीटर. ग्रॅनाइट कोरून लाकडी तोड्यांचा आभास केला आहे आणि १६०४ च्या मोठ्या भूकंपातून दोन्ही तगले. मंदिराच्या मागच्या बाजूचे काही खांब मात्र हिंदू देवळाचे आहेत. त्यांच्यावर विष्णू आणि कृष्ण कोरलेले आहेत. तेराव्या शतकात तमिळ व्यापारी तिथे वस्ती करून होते, त्यांच्या पडलेल्या देवळाचे हे अवशेष. पश्चिम पॅगोड्यावर एक तलवारधारी वानर कोरलेला आहे. त्याचा हनुमानाशी संबंध आहे की नाही यावर बरीच भांडणे होतात.

सूचौच्या 'वाघटेकडी'वरचा कलता पॅगोडाही विसरू नये. तो ९६१ मध्ये पुरा झाला. पायाखाली एका बाजूला खडक वर आणि दुसऱ्या बाजूला मातीचा भराव जास्त, त्यामुळे तो कलला. आडवाट यांच्या निकषाला याहून सोपे उदाहरण नाही.

आडवाट

सर्वांचे आभार. वरच्या चर्चेवरून उत्तर चीनचा एक सलग मार्ग आखता येतो, तो मुक्काम पोस्ट यांच्यासाठी देतो. बीजिंगला पांढरा स्तूप पाहून वेगवान रेल्वेने तातोंगला जावे. तिथे मुक्काम करून एक दिवस युनगांगला आणि एक यिंगश्येनला द्यावा. पुढे थाययुआनमार्गे श-च्याच्वांग, तिथे डॉ. कोटणीसांची समाधी, चंगतिंग आणि तिंगचौ. मग दक्षिणेला चंगचौ हे ठाणे करून एक दिवस काइफंग आणि एक दिवस दंगफंग. चंगचौहून शीआनला वेगवान गाडीने साधारण दोन-अडीच तास लागतात. हांगचौ, सूचौ आणि नानचिंग हा वेगळा प्रवास समजावा, आणि छ्वानचौ तिसरा. सांजवात यांच्या वूहान-युएयांगसाठी चंगचौहून थेट गाडी आहे, तेव्हा वेळ असेल तर शीआनऐवजी तिकडे वळता येईल. ज्येष्ठांना वूहान सोपे जाईल, कारण तिथे लिफ्ट आहे.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा आणि मे महिन्याचे पहिले काही दिवस कटाक्षाने टाळावेत. तेव्हा चीनमध्ये राष्ट्रीय सुट्या असतात आणि शीआनच्या पॅगोड्याभोवती हलायलाही जागा नसते. शांशीत हिवाळा फार कडक, त्यामुळे एप्रिलचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबर उत्तम. बहुतेक ठिकाणी तिकिटासाठी पारपत्र मागतात, तेव्हा ते हॉटेलात ठेवून निघू नये. यिंगश्येनला पोहोचाल तेव्हा ऊन पश्चिमेला कललेले असेल असे पाहा. तोड्यांच्या थरांची खोली सकाळच्या सपाट उजेडात नीट दिसत नाही, आणि दुसऱ्या मजल्यावरचा तो कलंडलेला खांब पश्चिमेच्याच बाजूला आहे.